चारचा टाइम

लग्नपत्रिकेवर छापलेली वेळ खरी मानणारा रायपूरच्या गुढ़ियारी वस्तीत एकच माणूस होता, हिरालाल गजभिये. 'सायंकाळी सहा वाजता' असं छापलेलं असलं की हे सहाला मांडवात हजर. तिथं नवरा नाही, नवरी नाही, आचारीसुद्धा अजून कांदे विकत घ्यायला गेलेला. मग हिरालाल खुर्च्या मांडायला मदत करत, सतरंज्या झटकत, आणि वरात येईपर्यंत इतके दमून जात की खरं लग्न लागताना त्यांना झोप आवरत नसे. पाहुणे आपसात म्हणत, मंडपवाल्याचा माणूस दिसतो.

यात त्यांचा दोष नव्हता. सगळी नोकरी रेल्वेत गेली होती, डोंगरगढ ते रायपूर पट्ट्यातल्या लहान लहान स्टेशनांवर, असिस्टंट स्टेशन मास्तर म्हणून. रेल्वेत रोज दुपारी चारला कंट्रोल ऑफिस सगळ्या स्टेशनांना फोनवर वेळ सांगतं. स्टेशनवाल्यानं ती ऐकायची आणि आपलं घड्याळ तिच्याशी जुळवायचं. याला 'टाइम घेणं' म्हणतात. हिरालालनी जन्मभर टाइम घेतला. देणारा बहुतेक वेळा भैय्यालाल वासनिक असायचा, त्यांच्याच भंडाऱ्याकडचा, वयानं थोडा लहान, आधी त्यांच्याच स्टेशनात काम करून मग कंट्रोलला गेलेला. "जय भीम हिरालालभाऊ, चार वाजले," असं तो म्हणे, आणि लाइन मोकळी असली तर भाजीचे भावही सांगून टाकी. रिटायर होताना हिरालालनी त्याला बजावलं, "नोकरी गेली माझी, घड्याळ नाही गेलं. मले घरी टाइम देत जा." भैय्यालाल देत राहिला.

मग शांताबाई गेल्या, आणि हिरालालचं सगळं वेळापत्रकच कोसळलं. दाढी नाही, आंघोळ दुपारी, जेवण समोर येईल तेव्हा. चावीचं घड्याळ चावी न देता उशाशी पडलेलं. चारला भैय्यालालचा फोन वाजायचा आणि वाजून वाजून बंद व्हायचा. एकुलती मुलगी नीलिमा त्यांच्यापाशीच राहायची. संध्याकाळी घरी येऊन बघावं तर बाबा सकाळी होते त्याच कुशीवर. तिला भीती वाटू लागली. बाई गेल्यावर माणूस वर्षभरात मागोमाग जातो, असं बायका सांत्वनाला आल्या की हमखास बोलून जायच्या.

नीलिमाला सरकारी नोकरी होती. राज्य नवं, राजधानी नवी, आणि ऑफिसांच्या पाट्या तर दर महिन्याला नव्या. तिचं ऑफिस पाण्याच्या तक्रारी घ्यायचं. लोक फोन करायचे, स्नेहल नावाची गोड गळ्याची पोरगी फोन उचलून तक्रार कम्प्युटरवर नोंदवायची, आणि तक्रार किती वाजता आली, किती वाजता सुटली हे कम्प्युटर आपलं आपण लिहून ठेवायचा. तो मोठा कम्प्युटर सांभाळायचं काम नीलिमाचं. त्याला एकच खोड होती. त्याचं घड्याळ पुढं पळायचं. रोज दोन-तीन मिनिटं, सासरी निघालेल्या नव्या नवरीच्या भावासारखं, सगळ्यांच्या पुढं.

एका रविवारी नीलिमानं बाबांच्या पलंगाशी बसून सहज म्हणावं तसं म्हटलं, "बाबा, आमच्या ऑफिसचा कम्प्युटर पुढं पळून राहिला. पक्का टाइम कोण देईल हो?"

"काहून? तुमच्याकडं इंजिनेर नाहीत?" हिरालालनी भिंतीकडं तोंड ठेवूनच विचारलं.

"आहेत न. पण ते आपापले मोबाइल पाहून लावतात."

हिरालाल उठून बसले. मोबाइल पाहून सरकारी घड्याळ लावतात! यांच्या हाती रेल्वे दिली तर रोज दोन गाड्या एकमेकींना भेटतील, असं ते बराच वेळ पुटपुटत राहिले. सोमवारी नीलिमा निघाली तेव्हा बाबा आरशासमोर दाढी करत होते. चारला ऑफिसात फोन वाजला. "बाई, चार वाजले. लाव," बाबांचा आवाज आला, अगदी स्टेशनातला. नीलिमानं कम्प्युटरचं घड्याळ मागं ओढून चारवर आणलं आणि मग टॉयलेटमध्ये जाऊन रडून घेतलं.

तेव्हापासून हा नेम झाला. भैय्यालाल हिरालालना टाइम देई, हिरालाल नीलिमाला, नीलिमा कम्प्युटरला. चारच्या फोनसाठी हिरालाल इस्त्रीचा शर्ट घालत. शर्ट घालायचा म्हणून आंघोळ, आंघोळ झाली म्हणून जेवण, आणि जेवण झालं की झोप नाही, कारण झोपलं तर चार चुकतील. एका फोनवर सगळा दिवस उभा होता. नीलिमाला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती चारच्या सुमाराला साहेबांनी बोलावलं तरी जात नसे.

पुढं या नेमाला कुणाची तरी नजर लागली म्हणा.

वर्षअखेरीला राजधानीतल्या अशा सगळ्या ऑफिसांची मोठी बैठक भरली. कुठल्या ऑफिसात तक्रार किती लवकर सुटते याचे आकडे पडद्यावर आले. कुणाचा सर्वात जलद निकाल दोन तासांत, कुणाचा एका तासात. नीलिमाच्या ऑफिसच्या नावापुढं आलं, उणे तीन मिनिटं. मोठ्या साहेबांनी चष्मा पुसून विचारलं, "मिश्राजी, ये माइनस क्या है?"

नीलिमाच्या मिश्रा साहेबांना काहीच माहीत नव्हतं. पण माहीत नसलेल्या गोष्टीवर ठामपणे बोलण्यातच त्यांची सगळी बढती झाली होती. ते उभे राहिले आणि म्हणाले, "सर, हमारे यहाँ जनता की शिकायत आने से पहले ही निपटा दी जाती है."

टाळ्या पडल्या. शाल मिळाली, नारळ मिळाला. शिवाय या नवलाची एक पुस्तिका काढायची ठरलं, आणि तिच्यात समाधानी नागरिकाचा फोटो हवा असं फर्मान निघालं.

त्याच आठवड्यात पियुष नावाचा एक इंजिनियर सगळ्या ऑफिसांचे कम्प्युटर एका वेळेवर आणायला फिरत होता. घरी मराठी बोलणारा मुलगा, पण मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीत द्यायचा. उणे तीनचं कोडं त्यानं चहा संपायच्या आत सोडवलं. "मैडम, आप रोज़ घड़ी पीछे खींचती हो ना? बस वही." पुढं पळालेल्या घड्याळावर तक्रार नोंदली जायची. मग नीलिमा घड्याळ मागं ओढायची. मग स्नेहल ती तक्रार बंद करायची. कम्प्युटर बिचारा इमानदार, त्यानं दोन्ही वेळा जशाच्या तशा लिहिल्या, आणि तक्रार सुटली आधी व आली नंतर.

पियुषकडं त्यावर इलाज होता, एक प्रोग्राम. तो नेटवरून चार ठिकाणी वेळ विचारतो. निरोप जायला-यायला लागलेला वेळ हिशेबातून वजा करतो. चौघांत एखादा भलतंच सांगत असेल तर त्याला बाजूला बसवतो. आणि घड्याळाला कधी मागं ओढत नाही, पळणाऱ्याला नुसतं हळू चालवतो, वेळ आपोआप जुळून येते. सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत अचूक.

"म्हणजे मग बाहेरून कोणी टाइम द्यायची गरज नाही?" नीलिमानं विचारलं.

"किसी की भी नहीं!" पियुष आनंदानं म्हणाला.

तिला भिंतीकडं तोंड करून पडलेले बाबा दिसले. ती म्हणाली, फोटोचं होऊन जाऊ दे, मग बसवू.

समाधानी नागरिक शोधायला कष्ट पडले नाहीत. उणे वेळात सुटलेली तक्रार कुणाची, असं विचारताच स्नेहल हसायला लागली. "अरे दीदी, ते बीरगांववाले बाबूजी. रोज चारच्या आधी फोन करतात, नळाला पाणी नाही म्हणून. पाणी असतं हो! एकटे आहेत, बोलायला पाहिजे असतं त्यांना. मी तक्रार लिहून घेते, गुडघ्यांचं विचारते, औषधाचं विचारते. मग शेवटी ते विचारतात, तक्रार किती वाजता नोंदवली ते सांग बेटी. मी पडद्यावर पाहून सांगते. थोड्या वेळानं बंद करून टाकते तक्रार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिश्रा साहेब, फोटोग्राफर आणि नीलिमा जीपनं बीरगांवला गेले. उरला नावाच्या कारखान्यांच्या वस्तीतला धूर मागं सोडून गल्लीत वळले, तर घरासमोर एक म्हातारा बनियनवर उभा राहून नळाच्या जोरदार धारेखाली बादली भरत होता. सरकारी जीप पाहून त्यानं आधी नळ बंद केला. मग तो नळासमोर असा उभा राहिला की नळ दिसू नये.

नीलिमानं त्याला ओळखलं आणि ती जीपमधून उतरायचीच विसरली. भैय्यालाल वासनिक!

साहेबांनी त्याच्या गळ्यात हार घातला, हात हातात घेतला, फोटो झाला. बनियनवर हार घातलेला भैय्यालाल फोटोत अगदी पकडून आणल्यासारखा दिसत होता. साहेब फोटोग्राफरला दुसरा कोन समजावून सांगू लागले, तेवढ्यात त्यानं नीलिमाला घराच्या आडोशाला नेलं.

"निलू, पोरी, तू इथं काय करून राहिली?"

"काका, ते तक्रारीचं ऑफिस माझंच आहे. पण तुम्ही ड्युटीवर नाही गेले आज? कंट्रोलमध्ये?"

भैय्यालालनी हार काढून हातात धरला. "कायचं कंट्रोल! दोन वर्षं झाली रिटायर होऊन. हिरालालभाऊले सांगितलं, एक्स्टेंशन भेटलं म्हणून. खरं सांगितलं असतं तर तो माझ्याकडून कायले टाइम घेईन? भाभी गेल्यावर त्यानं फोन उचलणंच सोडलं होतं. मंग एक दिवस उचलला आणि म्हणाला, भैय्या, टाइम दे, पोरीच्या सरकारी कामाले पाहिजे. आता अशा वेळी मी काय सांगू, माझ्याकडं टाइम नाही म्हणून?"

"मग कुठून देता तुम्ही?"

"सरकारी कम्प्युटरचा! तक्रारीचा फोन फुकट लागते. तक्रार नोंदवली की ते पोट्टी पक्का टाइम सांगते. त्याच्यावर घड्याळ लावतो, आणि चारले हिरालालभाऊले देतो."

नीलिमा पायरीवर बसली. म्हणजे कम्प्युटरचा टाइम स्नेहल काकांना सांगणार, काका बाबांना, बाबा नीलिमाला, आणि नीलिमा तोच टाइम पुन्हा कम्प्युटरला लावणार. राजधानीतल्या एका सरकारी ऑफिसची वेळ जवळजवळ दोन वर्षं स्वतःच्याच शेपटामागं फिरत होती! आणि तरी ती बिघडली नव्हती, कारण तक्रार नोंदवल्यापासून वेळ सांगेपर्यंत स्नेहल गुडघ्यांच्या चौकशीत जेवढी मिनिटं घालवायची, जवळपास तेवढीच मिनिटं तो कम्प्युटर पुढं पळायचा. त्याची घाई आणि तिच्या गप्पा यांची बरोबर फिट्टंफाट होत होती.

तिनं हे सांगितलं तेव्हा भैय्यालालही खालीच बसले. "म्हणजे आम्ही तुलेच विचारून तुलेच सांगून राहिलो!" म्हणत ते इतके हसले की ठसका लागला. मग एकदम गंभीर झाले. "हिरालालभाऊले सांगू नको, बाई. खोटा टाइम दिला म्हणून तो तोंड नाही पाहणार माझं."

नीलिमानं शब्द दिला.

सोमवारी पियुषनं प्रोग्राम बसवला. कम्प्युटर सुतासारखा सरळ आला. उणे तीन नाहीसं झालं, आणि मिश्रा साहेब रोज एकदा केबिनमधून डोकं काढून विचारू लागले, "वो माइनस वापस नहीं आ सकता क्या?"

चारला बाबांचा फोन आला. "बाई, चार वाजले. लाव." पडद्यावर चार वाजून तीन मिनिटं झाली होती. आता घाई करणारं कोणी उरलं नव्हतं, स्नेहलच्या गप्पा तेवढ्या उरल्या होत्या. "लावलं, बाबा," नीलिमा खोटंच म्हणाली. दुसऱ्या दिवशीही म्हणाली. तिसऱ्या दिवशी मात्र तिला स्वतःचीच लाज वाटली. ज्या माणसानं आयुष्यात मिनिट खोटं सांगितलं नाही, त्याला आपण रोज फसवतो आहोत हे तिला सहन होईना.

तिनं पियुषला विचारलं, कुणाला टाइम विचारायचा पण पाळायचा नाही, अशी काही सोय असते का?

"है ना! नाम लिख दो, और बोल दो कि इसकी सुनना है, फरक लिखना है, पर मानना नहीं है."

घरातल्या म्हाताऱ्यांसाठी ही सोय आपल्याकडं फार जुनी आहे. ती कम्प्युटरवाल्यांनाही सुचली याचं नीलिमाला हसू आलं. बाबांना नेटवरच्या प्रोग्राममध्ये बसवता येणार नव्हतं, पण फरक तर तीही काढू शकत होती. संध्याकाळी चहा देताना तिनं सांगून टाकलं. "बाबा, आता कम्प्युटर आपला आपण टाइम घेतो. पण तुम्ही देत राहा. मी रोज ताडून पाहीन."

हिरालालनी कप खाली ठेवला. "म्हणजे विचारायचं, अन् ऐकायचं नाही."

नीलिमानं बिस्किटांची बशी त्यांच्याकडं सरकवली.

"ताडून पाहिलं का मंग? किती फरक येते?"

"तीन मिनिटं मागं आहे, बाबा. तुमचा."

हे सांगायला नको होतं, हे तोंडातून गेल्यावर तिला कळलं. हिरालालचा चेहरा लाल झाला. कंट्रोलचा टाइम, तीन मिनिटं मागं? तीन मिनिटांत मालगाडी कुठून कुठं जाते! तुमची मशीन चुकली असंन, ते म्हणाले. नीलिमानं मान खाली घातली, आणि त्या मान खाली घालण्यावरून त्यांना कळलं की मशीन चुकलेली नाही. रात्री ते जेवले नाहीत. सकाळी ती निघाली तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून, छत्री काखेत धरून उभे होते.

"कुठं निघाले?"

"बीरगांव. भैय्यालालच्या घरी. ड्युटीवर जायच्या आधी गाठतो त्याले." "त्यालेच विचारतो, कोणाचा टाइम देऊन राहिला मले."

नीलिमानं त्यांना अडवलं नाही. काय म्हणून अडवणार होती? काकांना दिलेला शब्द तिनं मोडला नव्हता, पण आता तो मोडल्यातच जमा होता. दिवसभर तिचं कशात लक्ष लागेना. दोन म्हाताऱ्यांमधली एक तार होती, तीही आपल्याच हातानं तोडली असं तिला वाटत राहिलं. दुपारी बीरगांवहून तक्रारीचा फोन आला नाही. स्नेहलनं दोनदा विचारलं, "दीदी, आज बाबूजी?"

चार वाजले. पडद्यावर अगदी हजाराव्या भागापर्यंत चार वाजले. फोन वाजला नाही.

नीलिमा फोनसमोर बसून राहिली. साहेबांनी बोलावलं तर ताप आहे म्हणाली. घरी फोन लावला, तिकडं कोणी उचलेना. बाबा रागानं चालत निघाले असतील, उन्हात कुठं बसले असतील, की घरी येऊन पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडले असतील? भैय्यालालकाकांचा नंबर स्नेहलकडं होता, पण तो लावायचा धीर तिला होईना. साडेचार झाले, पाच झाले. ऑफिस रिकामं व्हायला लागलं. स्नेहल पर्स घेऊन उठली, पण गेली नाही, तिच्याशेजारी येऊन बसली.

फोन वाजला तो शेवटचा पंखा बंद झाल्यावर. नीलिमानं झडप घालून उचलला. पलीकडं कुणी खोखो हसत होतं, कुणी खोकत होतं, कढईत भजी पडल्याचा आवाज येत होता. "अबे थांब, मले बोलू दे," बाबा कुणाला तरी म्हणाले. "त्या डोंगरगढच्या स्टेशनात तूच लाल झेंडी विसरला होता बे, मी नाही!" मग त्यांना फोनची आठवण झाली.

"निलू?"

"बाबा! किती वाट पाहायची! चार कधीचे वाजून गेले!"

"हो का? बोलता बोलता राहूनच गेलं." भैय्यालाल मागून काहीतरी बोलले आणि बाबा पुन्हा हसले. नीलिमानं दोन वर्षांत हे हसणं ऐकलं नव्हतं. "निलू, किती वाजले गं आता?"

समोरच्या पडद्यावर तास, मिनिट, सेकंद आणि त्यापुढचे बारीक आकडे भराभर पळत होते. तिनं पडद्यावर हात आडवा धरला.

"झाले असतील पाच-साडेपाच," ती म्हणाली.

"मंग बसतो अजून जरा," बाबा म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.